श्वासनलिकेत मज्जातंतूच्या आवरणाची गाठ: तपासणी आणि उपचारांचा नेमका क्रम

वर्षानुवर्षं दम्याचे पंप चालू, डोस वाढतच चाललेला, आणि धाप मात्र जागची हलत नाही. मग कधीतरी कुणीतरी सीटी स्कॅन काढायला सांगतं आणि श्वासनलिकेत एक गुळगुळीत गाठ दिसते. झालेला उशीर भरून काढायची घाई इथून सुरू होते आणि नेमका इथेच क्रम बिघडतो. घाईघाईत लवचीक दुर्बीण घालून तुकडा घ्यायला जातात आणि श्वास कोंडतो. दिसणारा भाग तारेच्या फासाने कापून टाकतात, भिंतीबाहेरचा मोठा भाग तसाच राहतो. नाहीतर 'नॉर्मल' आलेल्या बायोप्सीवर विसंबून सगळे निर्धास्त होतात.

हा लेख रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि अशा रुग्णाला सर्वांत आधी पाहणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. प्रत्यक्ष उपचार तज्ज्ञच करणार. पण कोणती गोष्ट कशाच्या आधी व्हायला हवी हे तिघांनाही ठाऊक असलं, तर बरेच घोळ टळतात.

## आधी नावं समजून घ्या

मज्जातंतूंभोवती 'श्वान' (Schwann) नावाच्या पेशींचं आवरण असतं. त्या आवरणातून निघणाऱ्या गाठी शरीरात कुठेही होतात. स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांमध्ये त्या क्वचित आढळतात. रिपोर्टमध्ये चार नावं भेटतात: श्वानोमा (जुन्या कागदांत न्यूरिलेमोमा), न्यूरोफायब्रोमा, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर आणि चौथी, कॅन्सरच्या वर्गातली, एमपीएनएसटी (मॅलिग्नंट पेरिफेरल नर्व्ह शीथ ट्यूमर). पहिल्या तीन बहुतेक वेळा साध्या असतात, म्हणजे पसरत नाहीत. पण हाताच्या त्वचेखालची साधी गाठ वेगळी आणि श्वासाच्या वाटेतली साधी गाठ वेगळी. इथे नुसत्या जागेमुळेही जीव जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. मोठ्या माणसांत श्वासनलिकेतच उगम पावणाऱ्या गाठींपैकी बहुतांश कॅन्सरच्या असतात. त्यांत स्क्वेमस सेल कार्सिनोमा आणि अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या दोन मुख्य. त्यामुळे 'गुळगुळीत दिसतेय, साधीच असणार' हा अंदाज तुकडा तपासल्याशिवाय कुणीही बांधू नये.

## पायरी १: हा दमाच आहे का?

प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. वाट जवळपास ८ मिलिमीटरपर्यंत अरुंद होईपर्यंत बऱ्याच जणांना काही जाणवतच नाही. तिथून पुढे जिना चढताना धाप लागते. ५-६ मिलिमीटरवर बसल्या जागीही श्वासाचा आवाज येऊ लागतो. म्हणजे त्रास सुरू होतो तेव्हा निम्म्याहून जास्त वाट आधीच गेलेली असते. या गाठी सावकाश वाढतात, शरीर जुळवून घेत जातं, आणि 'वय झालं', 'वजन वाढलं' अशी कारणं आयती मिळतात.

शंका घ्यावी अशा खुणा:

- आवाज छातीपेक्षा गळ्यापाशी मोठा ऐकू येतो, किंवा श्वास आत घेताना येतो. दम्याची घरघर प्रामुख्याने श्वास सोडताना आणि दोन्ही बाजूंना पसरलेली असते.
- एकाच सुराची घरघर, एकाच बाजूला.
- कूस बदलली किंवा आडवं झालं की धाप बदलते.
- त्याच फुप्फुसाच्या त्याच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया.
- आवाज बसलेला, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं (गाठ स्वरयंत्रात असेल तर हे आधी दिसतं).
- खोकल्यातून रक्त. या गाठींत ते तुलनेनं कमी, पण पडलं तर दुर्लक्ष नको.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं म्हणून दम्याचं निदान पक्कं होत नाही. गाठीभोवतीची सूज आणि कफ कमी झाल्यानेही तेवढा आराम मिळतो. निदान वर्षानुवर्षं लांबण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून करायची श्वासाची चाचणी. रिपोर्टवर नुसते आकडे छापलेले असतील तर फ्लो-व्हॉल्यूमचा आलेख मागून घ्या. निरोगी माणसाच्या आलेखाचा वरचा भाग टोकदार चढतो आणि उतरत जातो, खालचा भाग अर्धगोल असतो. वाटेत न हलणारा अडथळा असेल तर वरचा आणि खालचा दोन्ही भाग सपाट, पेटीसारखे दिसतात. अडथळा छातीच्या वर असून श्वासागणिक बदलत असेल तर फक्त खालचा, श्वास घेण्याचा भाग सपाट होतो. छातीच्या आत असेल तर वरचा. मात्र आलेख ठीक आला म्हणून गाठ नाही असं होत नाही, वाट बरीच अरुंद झाल्यावरच तो बदलतो.

आलेख मिळालाच नाही तर एक साधा भागाकार करा: एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा) मिलिलिटरमध्ये घ्या आणि पीक फ्लोने (हवा सोडण्याचा सर्वाधिक वेग, लिटर प्रति मिनिट) भागा. उत्तर १० च्या वर गेलं तर मोठ्या वाटेतल्या अडथळ्याची शंका घ्यावी. समजा एफईव्ही१ २४०० मिलिलिटर आणि पीक फ्लो २००, उत्तर १२. अशा माणसाला पंपाचा डोस वाढवून देण्याआधी सीटी स्कॅनला पाठवा.

इशारा: बसल्या जागी श्वासाचा आवाज, बोलताना वाक्य तुटणं, आडवं होता न येणं, यांपैकी काहीही असेल तर स्पायरोमेट्रीच्या नादी लागू नका. सरळ पायरी २.

## पायरी २: श्वास किती सुरक्षित आहे ते ठरवा

हे ठरल्याशिवाय पुढची एकही तपासणी नको, सीटीसुद्धा नाही. विचारायचं एवढंच: माणूस पंधरा मिनिटं सपाट झोपू शकतो का? झोपू शकत असेल तर सवडीने पुढे जाता येतं. नसेल तर कठीण, म्हणजे न वाकणाऱ्या नळीची ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहणं) आणि छातीची शस्त्रक्रिया या दोन्ही सोयी एकाच छताखाली असतील अशा रुग्णालयात हलवायचं. जवळच्या छोट्या दवाखान्यात 'आधी जरा बरं वाटू दे' म्हणून थांबण्यात फायदा नाही. कफाचा एक घट्ट गोळा उरलेली वाट बंद करायला पुरतो.

हलवेपर्यंत: माणसाला बसतं ठेवा, ओलसर ऑक्सिजन द्या. शिरेतून स्टेरॉइड आणि अ‍ॅड्रेनलिनची वाफ यांनी सूज थोडी उतरते. हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण हलकं असल्याने अरुंद वाटेतून सहज वाहतं. मात्र त्यात ७० ते ८० टक्के हेलियम असतो, त्यामुळे ज्याला ऑक्सिजनच जास्त लागतोय त्याच्या कामाचं नाही. यांतलं काहीही गाठीवरचा इलाज नाही. फक्त वेळ मिळतो.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

- माणूस घाबराघुबरा झालाय म्हणून झोपेचं किंवा शांत करणारं इंजेक्शन देणं. स्वतःच्या ताकदीवर तो श्वास ओढत असतो. ती ताकदच काढून घेतली जाते.
- न पाहता घशात नळी घालणं. नळीचं टोक गाठीवर आदळून रक्तस्राव होऊ शकतो किंवा गाठीचा तुकडा सुटून खाली अडकू शकतो.
- घाईने गळ्याला भोक पाडणं. गाठ त्या भोकाच्या खाली असेल तर उपयोग शून्य, आणि पुढच्या शस्त्रक्रियेची जागाही खराब होते. गाठ स्वरयंत्रात असेल तेव्हाच हा मार्ग कामाचा.

## पायरी ३: आधी सीटी, मग बायोप्सी

छातीचा साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून गाठ नाही असं होत नाही. श्वासनलिकेचा काळा पट्टा त्यात दिसतो खरा, पण बघणाऱ्याचं लक्ष फुप्फुसांवर असतं.

सीटीच्या चिठ्ठीवर 'सीटी छाती' एवढंच लिहून पाठवलं तर गळ्याचा भाग राहून जातो. चिठ्ठी अशी असावी: स्वरयंत्रापासून छातीच्या तळापर्यंत, शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन, सुमारे १ मिलिमीटरच्या पातळ चकत्या, उभे-आडवे छेद तयार करून, आणि शक्य असल्यास श्वास सोडतानाचाही एक फेरा. रिपोर्टमध्ये पुढील गोष्टींची उत्तरं हवीत:

- सर्वांत अरुंद जागी वाट किती मिलिमीटर उरलीय आणि गाठ किती लांब पसरलीय.
- स्वरतंतूंपासून आणि श्वासनलिका दुभागते त्या जागेपासून गाठ किती अंतरावर आहे.
- गाठ आतच आहे की भिंत ओलांडून बाहेर गेलीय, आणि बाहेर अन्ननलिका किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना टेकलीय का.
- गाठीच्या पुढचं फुप्फुस हवेनं भरतंय की पिचकलंय.

यांतला बाहेरच्या भागाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि रिपोर्टमध्ये तोच हमखास गाळलेला असतो. श्वानोमा पुष्कळदा हिमनगासारखा असतो: दुर्बिणीला आतला छोटा उंचवटा दिसतो, खरा ऐवज भिंतीबाहेर. पुढचा सगळा उपचार या एका गोष्टीवर ठरतो. ती रिपोर्टमध्ये नसेल तर रेडिओलॉजिस्टना फोन करून विचारावं, संकोच करू नये.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. गाठ गळ्यात किंवा मणक्याच्या बाजूला शिरलेली वाटली, अथवा ती व्हेगस नसेवर (मेंदूपासून गळ्यातून छातीत उतरणाऱ्या मज्जातंतूवर) उगवून बाहेरून श्वासनलिकेला दाबतेय असा संशय असला, तर करावा. बाहेरून दाबणाऱ्या गाठीला आतून कापण्यासारखं काही नसतं, म्हणून हा फरक आधीच कळायला हवा. एमआरआयला बराच वेळ सपाट पडून राहावं लागतं, तेव्हा पायरी २ चा प्रश्न इथे पुन्हा विचारा.

पेट स्कॅनवर भलताच विश्वास टाकला जातो. साधा श्वानोमाही पेटमध्ये झळकतो, कधीकधी कॅन्सरइतका. 'पेटमध्ये पेटली' म्हणून रात्रभर रडणारी कुटुंबं असतात. त्या झळाळीने निदान होत नाही. एमपीएनएसटीची शंका असेल किंवा अंगात अनेक गाठी असतील, तर कुठल्या गाठीतून तुकडा घ्यायचा हे ठरवायला मात्र तो कामाला येतो.

## पायरी ४: अंगावरच्या खुणा पाहा, रक्तदाब तपासा

ही पायरी दहा मिनिटांची आहे आणि तरीही वगळली जाते.

अंगभर दुधाळ-कॉफी रंगाचे सपाट डाग सहा किंवा त्याहून जास्त आहेत का (प्रौढांत प्रत्येक १५ मिलिमीटरहून मोठा, लहान मुलांत ५ मिलिमीटरहून)? काखेत किंवा जांघेत बारीक ठिपके? त्वचेखाली मऊ गाठी? घरात आणखी कुणाला? असेल तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ चा विचार करावा. कमी ऐकू येणं, कानात सतत आवाज, अनेक ठिकाणी श्वानोमा, अशी गोष्ट असेल तर टाइप २ चा.

टाइप १ मध्ये दोन गोष्टींसाठी सावध राहायचं. एक, आयुष्यभरात एमपीएनएसटी होण्याचा धोका या लोकांत साधारण ८ ते १३ टक्के असतो, म्हणून अचानक वाढलेली किंवा दुखू लागलेली गाठ हलक्यात घ्यायची नाही. दुसरी गोष्ट भुलेशी जोडलेली आहे. या आजारात मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ती माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब भडकून टेबलावरच प्राणावर बेतू शकतं.

तपासा: डाग किंवा गाठी असतील, शिवाय रक्तदाब चढा, मध्येच घाम, धडधड, डोकेदुखी असेल, तर भुलेआधी मेटानेफ्रिनची (फिओक्रोमोसायटोमा ओळखायची) तपासणी झालीच पाहिजे. एकही लक्षण नसलं तरी टाइप १ च्या रुग्णाबद्दल भूलतज्ज्ञांना हा आजार आधी सांगा.

## पायरी ५: ब्रॉन्कोस्कोपी आणि तुकडा घेणं

तयारी आधी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुठल्या आणि कधी थांबवायच्या हे लेखी घ्या. हृदयात स्टेंट असलेल्यांनी आपल्या मनाने बंद करू नये.

मग गणित. नेहमीची लवचीक दुर्बीण ५ ते ६ मिलिमीटर जाडीची असते. वाट ६ मिलिमीटर उरलेली असताना ती आत गेली की श्वास घ्यायला जागाच उरत नाही. त्यामुळे सीटीवर वाट फार अरुंद असेल तर पहिली ब्रॉन्कोस्कोपी ऑपरेशन थिएटरमध्ये, कठीण नळीने, भूलतज्ज्ञ आणि सर्जन हजर असतानाच व्हावी. कठीण नळीतून श्वासही देता येतो, रक्तस्राव दाबताही येतो. बऱ्याचदा त्याच बैठकीत वाटही मोकळी करता येते, म्हणजे निदान आणि पहिला उपचार एकदम.

दुर्बिणीतून श्वानोमा कसा दिसतो? फिकट गुलाबी किंवा पिवळसर गोल उंचवटा, वर चकचकीत ताणलेली अस्तरत्वचा, तिच्यावर बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी. बूड बहुधा रुंद, क्वचित देठ. पृष्ठभाग फाटलेला नाही, व्रण नाही. हे चित्र कार्सिनॉइड या वेगळ्या प्रकारच्या गाठीचंही असू शकतं आणि ती चिमटा लावताच भळभळून रक्त सोडू शकते. म्हणूनही कॉन्ट्रास्ट सीटी आधी हवा. गाठ फार रक्तवाहिन्यांनी भरलेली असेल तर ते आधीच कळतं.

आता सर्वांत जास्त वेळा फसणारी गोष्ट. गाठ अस्तराच्या खाली असते. चिमट्याने वरवर तुकडे घेतले की हाती फक्त अस्तर लागतं आणि रिपोर्ट येतो: 'सौम्य दाह, कॅन्सर नाही.' असा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. तुकडा गाठीपर्यंत पोचलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकाच जागी पुन्हा पुन्हा चिमटा लावून खोल जावं लागतं किंवा गोठवून तुकडा ओढणारी क्रायो-सळई वापरावी लागते. गाठीला देठ असेल तर अख्खी गाठच फासाने काढून तपासायला पाठवता येते. बारीक सुईने काढलेल्या पेशी या गाठींच्या निदानाला सहसा पुरत नाहीत, कारण पेशींची मांडणी बघायची असते.

लॅबच्या चिठ्ठीवर 'ब्रॉन्कियल बायोप्सी' एवढंच लिहू नये. नमुना: "श्वासनलिकेची मागची भिंत, दुभागण्याच्या वर ३ सेंटिमीटर, अस्तराखालची गुळगुळीत गाठ, सीटीवर भिंतीबाहेर विस्तार. श्वानोमा किंवा स्पिंडल पेशींची इतर गाठ असल्याची शंका. अंगावर डाग नाहीत." एवढं वाचलं की पॅथॉलॉजिस्ट योग्य रंग आणि तपासण्या स्वतःहून लावतात.

## पायरी ६: पॅथॉलॉजी रिपोर्ट नीट वाचा

श्वानोमामध्ये दाट पेशींचे आणि विरळ पेशींचे असे दोन प्रकारचे भाग दिसतात, अँटोनी ए आणि अँटोनी बी. दाट भागात केंद्रकं रांगेत उभी राहून वेरोके बॉडी बनतात. एस-१०० आणि सॉक्स-१० या (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या) तपासण्या जवळपास सगळ्या पेशींत ठळक सकारात्मक असतात. न्यूरोफायब्रोमामध्ये पेशी मिसळलेल्या असतात, म्हणून एस-१०० काहींतच दिसतं आणि गाठीला स्पष्ट कवच नसतं.

नुसत्या 'एस-१०० पॉझिटिव्ह'वर थांबू नये, मेलानोमाही एस-१०० आणि सॉक्स-१० दोन्ही दाखवतो. उलट एमपीएनएसटीमध्ये एस-१०० तुटक किंवा नाहीसं झालेलं असतं, पेशींचं विभाजन भरपूर, मध्येच मेलेल्या पेशींचे पट्टे, आणि अनेक गाठींत एच३के२७एमई३ ही खूण गायब.

दोन सापळे आहेत आणि दोन्हींमुळे साध्या गाठीवर कॅन्सरचा शिक्का बसतो. पहिला: जुन्या श्वानोमात पेशी वेड्यावाकड्या, मोठ्या केंद्रकांच्या दिसतात, हे झीज झाल्याने होतं, त्याला एन्शन्ट बदल म्हणतात. दुसरा: ग्रॅन्युलर सेल ट्यूमरवरचं अस्तर इतकं फोफावतं की वरवरच्या तुकड्यात ते स्क्वेमस कॅन्सरसारखं भासतं. त्यामुळे धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या गुळगुळीत गाठीचा रिपोर्ट 'स्क्वेमस कॅन्सर' आला, तर स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय मोठ्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. शक्यतो मऊ ऊतींच्या गाठी नेहमी पाहणारे निवडा.

तपासा: गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड कुणाकडे आहेत? पावती फाइलमध्ये लावा. दुसऱ्या मतासाठी नुसता कागद चालत नाही.

## पायरी ७: उपचाराचा निर्णय

छातीरोगतज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून सीटी समोर ठेवून ठरवायची ही गोष्ट आहे.

गाठ लहान, योगायोगाने सापडलेली, वाट मोकळी, बायोप्सी निःसंशय साधी, आणि माणूस वयस्क किंवा इतर आजारांनी थकलेला असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा पाहणं हाही निर्णय असतो. देठाची किंवा पूर्ण आतच असलेली गाठ दुर्बिणीतून काढतात. भिंत ओलांडलेली, रुंद बुडाची किंवा परत आलेली गाठ शस्त्रक्रियेने. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा माणसात हिमनगाचा आतला भाग दुर्बिणीतून काढून वाट मोकळी ठेवणं हाही मान्य मार्ग आहे. पण ती तात्पुरती सोय आहे आणि गाठ वाढली की पुन्हा करावी लागेल, हे कुटुंबाला आधीच स्वच्छ सांगावं.

साध्या श्वानोमाला किमोथेरपी लागत नाही, नेहमीच्या वाटेत रेडिएशनही नाही. एमपीएनएसटीचं तंत्र वेगळं: आजूबाजूच्या निरोगी काठासह पूर्ण काढणं, मग बहुधा रेडिएशन, आणि पसरलेल्या आजारात डॉक्सोरुबिसिन-इफोस्फामाइडसारखी औषधं. टाइप १ मधल्या, काढता न येणाऱ्या जाळीदार न्यूरोफायब्रोमासाठी गोळ्या उपलब्ध झाल्या आहेत: सेल्युमेटिनिबला अमेरिकेत २०२० मध्ये मुलांसाठी मान्यता मिळाली, मिर्डामेटिनिबला २०२५ मध्ये मुलं आणि प्रौढ दोघांसाठी. एकट्या-दुकट्या श्वानोमाला त्या लागू नाहीत.

## पायरी ८: भूल आणि दुर्बिणीतून काढणी

या आजारात सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे भूल सुरू होते तो. जागेपणी छातीचे स्नायू वाट ताणून उघडी ठेवतात. स्नायू सैल करणारं औषध गेलं आणि नळी पुढे जाईना, तर माघार घ्यायला वाट नसते. म्हणून योजना आधी ठरलेली असावी आणि थिएटरमध्ये सगळ्यांनी ती मोठ्याने म्हणून घ्यावी: पहिला मार्ग कोणता, तो फसला तर दुसरा, तोही फसला तर तिसरा.

१. माणूस स्वतःचा श्वास घेत असतानाच सुरुवात करायची. सर्जन कठीण नळी हातात घेऊन उभे, सामान उघडलेलं.
२. वाट फारच बारीक असेल तर एक्मोची (रक्त शरीराबाहेर फिरवून त्यात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राची) सोय. मशीन शेजारच्या खोलीत आहे एवढ्याने भागत नाही, नळ्या घालून रक्त फिरायला वेळ लागतो. खरोखर गरज पडेल असं वाटत असेल तर मांडीच्या रक्तवाहिन्यांत नळ्या भुलेच्या आधीच घालून ठेवाव्यात.
३. गाठीच्या पलीकडे वाट आणि फुप्फुस शाबूत आहे ना, हे पाहून मगच कापायला लागायचं.
४. फास, लेझर, आर्गॉन किंवा विद्युत्‌दाह यांनी गाठ कापून बूड भाजायचं. काही ठिकाणी कठीण नळीच्या कडेनेच गाठ खरवडून काढतात.
५. सुटलेला तुकडा ताबडतोब पकडायचा. खाली घसरून चांगल्या बाजूच्या फुप्फुसाचं तोंड बंद झालं तर काही मिनिटांत गंभीर प्रसंग ओढवतो.

इशारा: लेझर किंवा विद्युत्‌दाह चालू असताना ऑक्सिजनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली आणावं लागतं, नाहीतर श्वासमार्गात आग लागू शकते. ऑक्सिजन कमी केला आणि लगेच दाह सुरू केला, असंही चालत नाही. आत साचलेला ऑक्सिजन ओसरायला थोडा वेळ द्यावा लागतो. नायट्रस ऑक्साइडही आग पेटती ठेवतो, तो वापरायचाच नाही.

रिपोर्टवर 'पूर्ण काढली' लिहिलेलं असलं तरी बुडाच्या तुकड्याचा वेगळा निकाल मागा. या गाठी परत येतात त्या बुडातूनच.

## पायरी ९: शस्त्रक्रिया

गाठ असलेला श्वासनलिकेचा तुकडा काढून दोन टोकं जोडणं, ही मूळ कल्पना. प्रौढाची श्वासनलिका साधारण ११ सेंटिमीटर लांब असते. काही जणांत निम्म्यापर्यंत काढता येते, पण ४-५ सेंटिमीटरच्या पुढे सांध्यावर ताण येऊ लागतो. वयस्क, आखडलेल्या मानेच्या किंवा स्थूल माणसात ही मर्यादा त्याहून कमी. म्हणून साध्या गाठीसाठी कॅन्सरसारखा रुंद काठ घेण्याच्या मागे लागू नये. बूड निघालं पाहिजे आणि सांधा सैल बसला पाहिजे. दोन्हींत ओढाताण झाली तर सांध्याला झुकतं माप.

रुग्णाने तयारीत विचारायच्या गोष्टी: स्वरतंतू दोन्ही हलतात का, हे शस्त्रक्रियेआधी पाहून नोंदलंय का? स्वरयंत्राची नस शेजारूनच जाते. नंतर आवाज बसला तर आधीची नोंद हाताशी हवी. स्टेरॉइडचा मोठा डोस चालू आहे का? त्याने सांधा भरून यायला अडथळा येतो, म्हणून शक्य तिथे तो आधीच टप्प्याटप्प्याने कमी करतात.

शक्यतो टेबलावरच श्वासाची नळी काढली जाते. हनुवटी छातीकडे झुकलेली राहावी म्हणून बरेच सर्जन हनुवटी ते छाती असा एक जाड टाका घालतात आणि साधारण आठवडाभर ठेवतात. पाहणाऱ्याला तो भीतीदायक वाटतो. मान मागे टाकली की सांधा ताणला जातो, एवढ्यासाठीच तो असतो. नातेवाईकांनी उशी सारखी करताना मान मागे जाऊ देऊ नये. टाका काढण्याआधी दुर्बिणीतून सांधा पाहून घेतात.

गाठ फांदीत असेल तर तेवढीच बाही, म्हणजे नळीचा तेवढा तुकडा, कापून फुप्फुस वाचवता येतं. गाठीच्या पुढचा भाग वारंवारच्या संसर्गाने कायमचा खराब झाला असेल, तरच तो खंड काढायचा. स्वरयंत्रातल्या श्वानोमा-न्यूरोफायब्रोमाच्या गाठी बहुधा स्वरतंतूंच्या वर असतात. त्या कान-नाक-घसा सर्जन तोंडातून लेझरने किंवा गळ्याला छेद देऊन काढतात. श्वानोमाला कवच असल्याने तो सोलून निघतो, न्यूरोफायब्रोमा तसा निघत नाही.

## पायरी १०: नंतरचा पाठपुरावा

इतक्या विरळ आजाराला जगभर मान्य झालेलं वेळापत्रक नाही. दुर्बिणीतून काढलेल्यांची पहिली पाहणी साधारण ३ महिन्यांनी, मग ६ महिन्यांनी आणि पुढे काही वर्षं दर वर्षी करणं शहाणपणाचं. हिमनगाचा बाहेरचा भाग ठेवलेला असेल तर सोबत सीटीही. या गाठी सावकाश वाढतात, त्यामुळे पहिलं वर्ष स्वच्छ गेलं म्हणून फाइल बंद करू नका.

काढलेल्या जागी पुन्हा उंचवटा दिसला तर तो जखम भरतानाचा लाल, भुसभुशीत मांसल भाग असू शकतो किंवा गाठही. नुसतं पाहून ठरवू नये, तुकडा घ्यावा. सांध्यापाशी वाट आक्रसली तर ती दुर्बिणीतून रुंद करता येते, पण वेळेत कळायला हवी. त्यासाठी घरी एक पीक फ्लो मीटर ठेवून आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी फुंकून आकडा लिहावा. एखादा आकडा पडला तर घाबरायचं कारण नाही. लागोपाठ काही आठवडे उतरत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवावं.

राहिले जुने पंप. गाठ निघाली म्हणजे दमा नव्हताच असं गृहीत धरून सगळं एका दिवसात बंद करणारे पुष्कळ असतात. काहींना दोन्ही असतं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी स्पायरोमेट्री पुन्हा करून, आलेख पाहून एकेक औषध कमी करावं. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतलेल्या असतील तर त्या एकदम थांबवणं धोक्याचं आहे. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या, गळून जाणं, शुद्ध हरपणं इथवर मजल जाते. डोस किती दिवसांनी किती उतरवायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधल्या काळात ताप किंवा दुसरी एखादी शस्त्रक्रिया आली तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.